सॉफ्टबॉलच्या सारिकाबाई

आमच्या शाळेत सारिकाबाई रुजू झाल्या त्या दिवशी मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये त्यांची ओळख करून दिली. "या राष्ट्रीय विजेत्या आहेत. हँडबॉलच्या."

बाई म्हणाल्या, "सॉफ्टबॉल."

"तेच ते," मुख्याध्यापक म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी मुलांना सांगितलं, की आपल्या शाळेला बास्केटबॉलच्या बाई मिळाल्या आहेत. या वेळी बाईंनी नुसता नमस्कार केला. पुढे बारा-तेरा वर्षं मी त्यांच्याबरोबर नोकरी केली. तेवढ्या काळात त्यांची ओळख व्हॉलीबॉल, बेसबॉल, नेटबॉल अशी होत होत एका पाहुण्यांनी 'सॉफ्टवेअरच्या' अशीही करून दिली. हिंजवडी एवढी जवळ असताना त्या पाहुण्यांना फारसा दोष देता येत नाही.

मी मराठी शिकवतो. आमची शाळा भुकूमची, पौड रस्त्यापासून थोडी आत. स्टाफरूममध्ये खुर्च्या भरपूर, पण बाई खुर्चीत बसत नसत. मधल्या सुट्टीत त्या भिंतीपाशी उकिडव्या बसायच्या, डबा समोर फरशीवर ठेवून. पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, नवीन आहेत, संकोच वाटत असेल. मग मुख्याध्यापकांनी मुद्दाम एक गादीची खुर्ची आणवली. बाईंनी तिच्यावर स्वतःची पिशवी ठेवली आणि शेजारी उकिडव्या बसल्या.

"खुर्चीत बसलं की झोप येती, सर," त्या मला म्हणाल्या.

बाई कॅचर होत्या. कॅचर म्हणजे बॅट घेतलेल्या खेळाडूच्या मागं उकिडवा बसून, तोंडावर जाळी आणि छातीला, नडग्यांना कवच बांधून, समोरून गरकन हात फिरवून टाकलेला चेंडू अडवणारा गडी. क्रिकेटमधला यष्टिरक्षक म्हणा, पण जास्त जवळ बसलेला आणि जास्त मार खाणारा. संघातले बाकीचे आठ जण त्याच्याकडे तोंड करून उभे असतात आणि तो एकटा त्यांच्याकडे तोंड करून बसतो. त्यामुळं कोण कुठं उभं आहे, कोण पेंगतंय, कोणाचं लक्ष कुंपणापलीकडच्या रसाच्या गाड्यावर आहे, हे त्यालाच दिसतं. बाई शिक्षकांच्या सभेतही तशाच, मुख्याध्यापकांच्या बाजूला, आम्हा सगळ्यांकडे तोंड करून बसायच्या. त्यांच्या काळात आमच्या सभा अर्ध्या वेळात संपू लागल्या.

त्यांच्या उजव्या हाताचं, करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून बाहेर वळलेलं होतं. 'तू ऊठ' म्हणून त्यांनी हात केला की वर्गात दोघं उठायचे. एक त्यांना हवा असलेला आणि दुसरा त्या बोटानं दाखवलेला. बाई दोघांनाही उत्तर विचारायच्या.

आणि एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. एखादे पालक तक्रार घेऊन आले, शेजाऱ्यापासून शिक्षणखात्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करू लागले, की बाई जरा वेळ ऐकून म्हणायच्या, "ते सगळं ऱ्हाऊ द्या. बॉल कुटं हाय?" म्हणजे मुद्द्याचं काय ते सांगा. पालक गोंधळायचे आणि मग एका वाक्यात सांगून मोकळे व्हायचे. हेच वाक्य त्यांनी एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही ऐकवलं. साहेबांनी खरोखर खिसे चाचपले.

बाई मूळच्या जांब्याच्या. हिंजवडीत कंपन्या आल्या तशी जांब्यातल्या लोकांनी वावरात खोल्या बांधायला घेतल्या. बाईंच्या घरीही तेच. थोरला भाऊ खालून विटा फेकायचा आणि ही तेरा वर्षांची पोरगी पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर उभी राहून त्या झेलायची, शेजारी रचायची, पुढची झेलायची. एकदा गावातल्या शाळेचे खेळाचे सर घरी आले. त्यांना संघासाठी नऊ मुली हव्या होत्या आणि आठ जमल्या होत्या. सारिका वर आईशी भाजी काय करायची यावर वाद घालत होती आणि विटेकडे न बघता वीट धरत होती. सर खाली पाच-दहा मिनिटं नुसते उभे राहिले. मग त्यांनी भावाला विचारलं, "हिला उद्यापासून पाठवता का?"

भाऊ म्हणाला, "दुसरा मजला झाला की पाठवतो."

"ईट वळत न्हाई आणि बॅटला लागून बी येत न्हाई," बाई मला सांगायच्या. "पण हातमोजा बी न्हाई ना. बॉल त्यापरास लई बरा."

तिथून तालुका, जिल्हा, राज्य असं करत त्या महाराष्ट्राच्या संघात गेल्या आणि राष्ट्रीय स्पर्धा एकदा नाही, तीनदा जिंकल्या. त्यातल्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या डावात समोरच्या संघाची एक धिप्पाड पोरगी तिसऱ्या बेसवरून, म्हणजे धावणाऱ्याच्या शेवटच्या थांब्यावरून, घराकडे, म्हणजे कॅचरकडे, धावत सुटली. ती पोचली असती तर सामना बरोबरीत आला असता. बाईंनी चेंडू धरला आणि वाट अडवून बसल्या. पोरगी येऊन धडकली, दोघी आडव्या झाल्या. पंचांनी वाकून बघितलं, तर चेंडू बाईंच्या मुठीतच होता, म्हणजे पोरगी बाद. बोट मात्र जागेवर नव्हतं. त्या दिवशीचा फोटो मी पाहिला आहे. सगळा संघ कॅमेऱ्याकडे बघतोय आणि चषकावरच्या हाताचं एक बोट भलतीकडेच बघतंय. पुढे एकदा त्या भारताच्या संघातून परदेशीही जाऊन आल्या. तिथलं काय आवडलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "सगळं हिरवंगार. हाताला चोळायला माती म्हणून घावंना."

आता एवढी मोठी खेळाडू आपल्या पदरी आहे, हे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना वर्षभरानं कळलं. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी ताबडतोब सत्कार ठरवला. रस्त्यावर मोठा फलक लागला. त्यावर अण्णांचा फोटो पुरुषभर उंचीचा, त्याखाली कार्यकर्त्यांच्या दोन रांगा आणि कोपऱ्यात टपालाच्या तिकिटाएवढ्या बाई. खेळ कळावा म्हणून शेजारी टेनिसची रॅकेट छापली होती.

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी बाईंना काहीही न विचारता ते एका बैठकीत लिहिलं आणि मला ते बरं साधलं असंही वाटलं. 'ज्यांच्या बॅटीच्या तडाख्याने प्रतिस्पर्ध्यांची दाणादाण उडाली' अशी त्याची सुरुवात होती. कार्यक्रमात मी ते खड्या आवाजात वाचलं. टाळ्याही पडल्या.

मग अण्णा बोलायला उठले. म्हणाले, "हा खेळ मुद्दाम मुलींसाठी काढलेला आहे. नावातच बघा, सॉफ्ट. मऊ चेंडूनं खेळायचं, म्हणजे कुणाला लागायला नको. आपल्या संस्कृतीत बसणारा खेळ आहे."

बाई खुर्चीवरून उठल्या. व्यासपीठावर त्यांना खुर्चीत बसावंच लागलं होतं. पिशवीतून एक पिवळा चेंडू काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिला. "दाबून बगा, अण्णा."

अण्णांनी एका हातानं दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. सगळी सभा बघत होती. नारळाएवढा टणक चेंडू, कुठून दबणार. "जरासा कडक आहे," असं म्हणत अण्णांनी तो टेबलावर ठेवला, तो घरंगळला आणि प्रमुख पाहुण्यांच्या पायावर पडला. आभारप्रदर्शन होईपर्यंत पाहुण्यांनी एक बूट काढून ठेवला होता.

घरी जाताना बाई मला म्हणाल्या, "सर, मानपत्र झ्याक लिवलंय. फकस्त मी बॅटिंगला नवव्या नंबरावर यायची. म्हंजे सगळ्यात शेवटी."

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तुमी इचारलं न्हाई."

शाळेमागचं मैदान तेव्हा मोकळं होतं. बाईंनी तिथं मुलींचा संघ उभा केला आणि मग मुलांचाही. मुलींच्या संघात चेंडू टाकायला पौडच्या एका शिंप्याची मुलगी होती, सानिया शेख. आठवीतली, काटकुळी, वर्गात कोणाशी न बोलणारी. तिचा चेंडू आला कधी आणि गेला कधी हे कळायचं नाही. मैदानापलीकडे नवे उंच मनोरे झाले होते. तिथल्या रहिवाशांनी शाळेला पत्र पाठवलं, की आम्हाला खेळाबद्दल अत्यंत आदर आहे, परंतु रविवारी सकाळी तो शांतपणे खेळला जावा. बाईंनी मुलींना पत्र वाचून दाखवलं आणि ओरडायच्या ऐवजी बोटांच्या खुणांनी खेळायचा सराव घेतला. त्या वर्षी संघ जिल्ह्यात पहिला आला. बाई म्हणाल्या, त्यात त्या पत्राचाही वाटा आहे.

मग विशालचं प्रकरण झालं.

विशाल म्हणजे अण्णांचा पुतण्या. वय बावीस. त्याला फौजदार करायचं असं घरात ठरलं होतं. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात आणि त्यासाठी स्पर्धेत नंबर आल्याचं प्रमाणपत्र लागतं. कबड्डी, कुस्तीत गर्दी फार आणि लोक ओळखतात. सॉफ्टबॉल कोणालाच माहीत नाही, हा त्याचा गुण अण्णांच्या नजरेतून सुटला नव्हता. जिल्ह्याच्या पुरुष संघाची निवडयादी बाईंच्या हातात होती. अण्णांनी त्यांना कार्यालयात बोलावलं. वार्षिक अहवालाची प्रुफं घेऊन मी तिथंच बसलो होतो.

"बाई, संघात किती असतात?" अण्णांनी विचारलं.

"सोळा."

"आणि खेळतात किती?"

"नऊ."

"म्हणजे सात जण नुसते बसून असतात."

"व्हय."

"मग आमचा विशाल बसेल."

"बसायला बी यावं लागतं, अण्णा," बाई म्हणाल्या. "रविवारी सकाळी सातला पाठवा. तीन बॉल टाकायला लावते. एक जरी धरला तरी नाव घालते."

अण्णा खूश झाले. तीनात एक, म्हणजे पास व्हायला तेहतीस टक्के. बाहेर आल्यावर मी बाईंना समजावलं. खरं सांगायचं तर मी अण्णांच्याच बाजूनं बोललो. "एक नाव तर आहे, बाई. कोण बघायला येतंय?"

"मी बगतीया की," बाई म्हणाल्या.

रविवारी मी मुद्दाम गेलो. पांढरी मोठी गाडी थेट मैदानात येऊन थांबली. विशाल उतरला. व्यायामशाळेत कमावलेले दंड, नवे बूट, काळा चष्मा. बाईंनी त्याला कॅचरचं सामान दिलं. नडगीची कवचं त्यानं आधी उलटी बांधली, मग सानियानं ती सुलटी करून दिली. तो उकिडवा बसला आणि बसल्या बसल्या मागं पडला. पुन्हा बसला.

सानियानं पहिला चेंडू टाकला. विशालनं तोंड फिरवलं. चेंडू त्याच्या कानाशेजारून गेला आणि गाडीच्या दाराला पोचा पाडून थांबला. दुसरा छातीच्या कवचावर आदळला. विशाल खाली बसला आणि बराच वेळ आकाशाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उठून जाईल. तो उठला, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "टाक."

तिसरा चेंडू त्याच्या हातमोज्यात जाऊन बसला. फाट्कन आवाज आला. तो हातमोजा उघडून आत बघत राहिला, खरंच तिथं आहे का म्हणून.

माझ्या शेजारी उकिडव्या बसलेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. पुढे त्यांनी कबूल केलं, "सर, तो धरंल असं मला वाटलंच न्हवतं. म्हनून तर बोलून बसले. लई चुकीचं बोलले."

पण शब्द दिला होता. त्यांनी पिशवीतून यादी काढली आणि पेन उघडलं. चेहरा असा, की दाढ उपटून घ्यायला बसल्यात. "ये. नाव सांग पुरं."

विशाल घामेजून जवळ आला. यादीकडे बघून म्हणाला, "हितं तर सोळा नावं हायेत. माझं घातलं तर कुणाचं निघंल?"

बाईंनी शेवटच्या नावावर बोट ठेवलं. ओंकार, पिरंगुटच्या कारखान्यातल्या रखवालदाराचा मुलगा. सहा वर्षं रोज येत होता. तो पलीकडे मैदानावर चुन्याच्या रेघा ओढत होता. विशालनं त्याच्याकडे पाहिलं.

"मग नगं," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी बगू. आत्ता तिला अजून टाकाय सांगता का?"

सानियानं आणखी चाळीसेक चेंडू टाकले. त्यानं चार धरले. दुपारी घरी गेला तेव्हा त्याचा अंगठा बटाट्याएवढा झाला होता आणि तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. पोलीस भरतीची पुस्तकं गाडीत पडून राहिली. अण्णांनी घरात आदळआपट केली, पण पुतण्या म्हणायचा, "आधी कॅचिंग जमू दे." वर्षभरानं तो खरोखरच सोळावा म्हणून यादीत आला. रीतसर निवडीतून. संघ पहिल्याच फेरीत हरला. त्यामुळं त्याला मिळालं ते नुसतं सहभागाचं प्रमाणपत्र, आणि त्यावर फौजदार सोडाच, होमगार्डसुद्धा होता येत नाही. खोटं घेतलं असतं तर एव्हाना खांद्यावर तारे लागले असते, असं अण्णांनी भर सभेत बोलून दाखवलं. बाईंनी पोरगं बिघडवलं, हे त्यांचं मत कायम झालं.

त्या उन्हाळ्यात संस्थेनं मैदानाचा विकास करायचं ठरवलं. भव्य क्रीडासंकुल होणार होतं. त्याचा पहिला टप्पा म्हणून लग्नाचं लॉन झालं. दुसरा टप्पा अजून झालेला नाही. आणि मैदानच नाही तर खेळाच्या बाई इथं कशाला, म्हणून त्यांची बदली धरणाच्या पाण्यापलीकडच्या आमच्या शाखेत करायचं ठरलं. तिथं पटावर चाळीस मुलं आणि सपाट जागा म्हणाल तर शाळेचा व्हरांडा.

बदलीचा आदेश लिहायला मला बोलावलं. "सर, तुमची भाषा चांगली आहे," अण्णा म्हणाले. "वाईट वाटणार नाही असं लिहा." मी नाही म्हणू शकलो असतो. माझी स्वतःची बदली अण्णांच्याच सहीनं होते, हे त्या वेळी माझ्या डोक्यात होतं, हेही सांगून टाकतो. मी लिहिलं. 'दुर्गम भागातील विद्यार्थ्यांना आपल्यासारख्या राष्ट्रीय विजेत्या खेळाडूच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ व्हावा' वगैरे.

बाईंनी स्टाफरूममध्ये भिंतीपाशी बसून तो आदेश वाचला. दोनदा वाचला. मी वह्या तपासत असल्यासारखं करत होतो.

"तुमी लिवलंय, सर?"

"हो."

"कळलंच. भाषा चांगली हाय." त्यांनी कागदाची घडी घातली. "मानपत्रापरास चुका कमी हायेत."

त्यात राग होता का, हे मी आजही सांगू शकत नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी किटची पोती विशालच्या पांढऱ्या गाडीत टाकली आणि गेल्या. सानिया त्या वर्षीपासून रोज संध्याकाळी पौडच्या बाजाराच्या मोकळ्या जागेत विशालला चेंडू टाकते, एवढं मला ठाऊक होतं.

पुढे दोन-अडीच वर्षं आमची भेट नव्हती. त्या शाखेकडून अहवाल यायचे, त्यात 'क्रीडा' या रकान्यात फक्त 'चालू आहे' असं लिहिलेलं असायचं.

मागच्या हिवाळ्यात कामासाठी मी पौडला गेलो होतो. सकाळची वेळ. एसटी स्टँडवर बाई दिसल्या. भोवती दहा-अकरा मुली, सगळ्यांचे टी-शर्ट वेगवेगळ्या मापांचे, काहींच्या पायात बूट, काहींच्या सँडल. पाठीवर शाळेची दप्तरं, हातात बॅटी. एक लहानखुरी मुलगी हातमोजा घालूनच उभी होती. तो तिच्या कोपरापर्यंत येत होता.

मला बघून बाई पुढे आल्या. गुडघे आखडले होते, चालताना कळत होतं. केस बरेच पिकले होते.

"जिल्ह्याला निगालोय," त्या म्हणाल्या. "पयल्यांदाच."

"तिकडे मैदान कुठं आहे, बाई?"

"उतारावर खेळतो. पयल्या बेसला चढून जायाचं, तिसऱ्यावरनं घरंगळत यायाचं. पोरींचा दम लई वाढलाय." मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "सपाट मैदान बगून बिचकतील आज."

"जिंकतील का?"

"छे, हो. पंधरा रनांनी तरी हरतील."

"मग एवढ्या लांब?"

"हारायला तरी हितवर यावं लागतंय, सर."

मला त्यांना पुष्कळ काही सांगायचं होतं. आदेशाबद्दल, निदान त्याबद्दल तरी. मी सुरुवात केली, "बाई, त्या वेळी मी जे..." तेवढ्यात पुण्याची गाडी लागली आणि बाई वळल्या. त्यांनी मुली मोजत मोजत आत चढवल्या, पोती चढवली, वाहकाशी बॅटींवरून थोडी हुज्जत घातली आणि शेवटी दाराची दांडी धरून, एक एक पायरी थांबत, स्वतः चढल्या.

गाडी निघाली. मागच्या खिडकीतून त्या लहानखुऱ्या मुलीनं कोणाला तरी, बहुधा मलाच, हात केला. हातमोज्यासकट. आतून वाहक ओरडला, "हात आत घे." तिनं हात काढून घेतला, पण हातमोजा गजांच्या बाहेरच अडकून राहिला. आतून कोणीतरी तो ओढत होतं. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत तो काही आत गेला नाही.